मिक्सर हॉलमधला बिल्ला

आमच्या फोरमनकाकांना आयुष्याच्या शेवटी एकच गोष्ट हवी होती. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात एका भिंतीवर लटकलेला पितळी बिल्ला कुणीतरी काढून न्यावा. चोर, भंगारवाला, कावळा, कुणीही चाललं असतं, फक्त ते स्वतः सोडून. हे मला कळलं तेव्हा मी त्याच कारखान्यात एका लोखंडी टाकीच्या तळाशी बसले होते आणि काका वर झाकणावर बसले होते. पण त्याच्या आधी काका कोण ते सांगायला हवं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे चुलतभाऊ. त्यांची उभी हयात त्या कारखान्यात गेली, आणि फोरमन झाल्यापासून त्यांना घरात नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. आम्हा मुलांचे ते फोरमनकाका, मोठ्यांचे नुसते फोरमन, आणि ते उठून गेल्यावर मोठी माणसं जे म्हणायची ते इथं लिहायची सोय नाही. माणूस एक नंबरचा खवट. कुणाकडे गेले की खुर्चीवर टेकायच्या आधी भिंतीला नख लावून बघायचे. पोपडा निघाला की चेहरा खुलायचा. माझ्या आईनं एकदा हौसेनं बाहेरच्या खोलीला फिकट जांभळा रंग दिला. हे आले, चहूकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, घरात कुणी आजारी आहे का?" आई आठवडाभर धुमसत होती. वडील म्हणाले, "सोड गं, त्याचा स्वभावच तसा आहे." हे मला कधीच कळलं नाही. स्वभाव तसा असला की माणसाला सगळं माफ, आणि बाकीच्यांनी मात्र एकेक शब्द तोलून मापून बोलायचा.

कारखान्याच्या फाटकाला लागून कामगारांची क्वार्टर्स होती, त्यातल्या पहिल्याच दोन खोल्या काकांच्या. कारखाना बंद पडला, मालक गाशा गुंडाळून गेले, बाकीची क्वार्टर्स ओस पडली, पण काका हलले नाहीत. मालकांनी जाताना किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात दिला होता, राखण करा म्हणून. राखण कसली नि काय. भिंतीवरून उड्या मारून माणसं येतच होती. आधी तारा गेल्या, मग मोटारी, मग नळ, शेवटी कितीतरी दारांच्या बिजागऱ्यासुद्धा गेल्या. काका खिडकीतून शिव्या हासडायचे आणि चोर निवांत आपलं काम उरकायचे. घरात एक लोखंडी कपाट, एक खाट, एक टेबल, एक पंखा, आणि सगळ्याला एकच करडा रंग, कारखान्यातून उरलेला. तिथं पाहुणी म्हणून बसले की आपल्यालाही कुणीतरी येऊन एक हात मारून जाईल असं मला वाटायचं.

त्या घरात दोन गोष्टी विचित्र होत्या. एक म्हणजे काकूकडे मिक्सर नव्हता. ती सगळं खलबत्त्यात कुटायची, दुखऱ्या खांद्यानं. मी कमवायला लागल्यावर तिच्यासाठी एक नेऊन दिला, तर काकांनी तो खोक्यासकट दाराबाहेर ठेवला आणि दार लावून घेतलं. सगळे म्हणाले, चिक्कू मेला, विजेचं बिल वाचवतोय. मीही तेच म्हटलं. दुसरी गोष्ट म्हणजे दिवा असो की पंखा, बटण दाबायच्या आधी काका खोलीभर नजर फिरवून विचारायचे, "लावू?" कुणीतरी "लावा" म्हटल्याशिवाय त्यांचं बोट हलायचं नाही. लहानपणी आम्ही मुलं मुद्दाम गप्प बसायचो. बाहेर अंधार पडत चाललेला, काका बटणाशी ताटकळत उभे, आणि आम्ही तोंड दाबून हसतोय. शेवटी काकू स्वयंपाकघरातून ओरडायची, "लावा एकदाचा, सगळी जिवंत आहेत इथं." त्यावर काका तिच्याकडे असे बघायचे की आमचं हसू आपोआप थांबायचं.

यामागे काय होतं ते आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी माहीत होतं. घरात त्याला "ते प्रकरण" म्हणत. कारखान्याच्या मिक्सर हॉलमध्ये दोन पुरुष खोल अशा टाक्या होत्या, त्यात रंग घुसळला जायचा. एक रंग संपवून दुसरा घ्यायचा म्हणजे माणसानं आत उतरून टाकी खरवडायची. उतरण्याआधी त्यानं आपला पितळी बिल्ला त्या टाकीच्या स्विचवर अडकवायचा आणि वर आल्यावर आपल्याच हातानं काढायचा. बिल्ला लटकतोय तोवर त्या स्विचला कुणी हात लावायचा नाही, आणि दुसऱ्याचा बिल्ला तर कुणीच काढायचा नाही, साहेबानंसुद्धा. एखादा विसरून तसाच घरी गेला तर त्याला झोपेतून उठवून आणायचं, त्याच्या हातानं बिल्ला उतरवायचा, मगच टाकी सुरू. हा एकच नियम तिथं सगळे पाळायचे. बाकीचे नियम नोटीस बोर्डावर होते.

तर लंब्या म्हणून एक कामगार होता, ताडमाड उंचीमुळे त्याला ते नाव पडलेलं. तो बिल्ला न अडकवता आत उतरला, काकांनी टाकी सुरू केली, आणि तो गेला. चौकशी झाली. स्विचवर बिल्ला नव्हता असं काकांनी सांगितलं, बाकीचे कामगार खाली माना घालून बसले, आणि चूक लंब्याची ठरली. आमच्या घरी पोचलेली गोष्ट एवढीच, आणि तीसुद्धा दबक्या आवाजात.

आता माझं. मी लग्नांचे फोटो काढते, पोट त्यावर चालतं. पण सुटीच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन बंद कारखान्यांमध्ये जाते. गंजलेली यंत्रं, फुटक्या काचा, ओसाड शेड. तिथं कुणाला हसा म्हणावं लागत नाही आणि कुणाची आत्या फोटोत यायची राहिली म्हणून भांडण होत नाही. आपल्याच काकांच्या घराला लागून एवढा मोठा बंद कारखाना आहे, तो बघायला मिळावा म्हणून मी किती वर्षं त्यांच्या मागे लागले होते. दरवेळी एकच उत्तर. "आत काय तुझं लग्न लागायचं राहिलंय?"

आणि एक दिवस त्यांचाच फोन आला. "शनिवारी ये. कॅमेरा आण. सोमवारपासून तोडायला घेणार आहेत, मग काढत बस मातीचे फोटो."

शनिवारी गेले तर काका किल्ल्या शोधत होते. ते आतल्या खोलीत आहेत असं बघून काकू माझ्या कानाशी आली. "त्यांना चिडवू नकोस आज. चार दिवस धड जेवलेले नाहीत."

"का? काय झालं?"

"ठेकेदारानं कापाकापीला इथलीच जुनी माणसं घेतलीत. ती अडून बसलीत. मिक्सर हॉलमध्ये भिंतीवर काहीतरी लटकतंय म्हणे. फोरमननं सगळ्यांसमोर, आपल्या हातानं ते उतरवल्याशिवाय आम्ही कटर पेटवणार नाही म्हणतात. लंब्याची बायको पुढं आहे. ती येणार आहे सोमवारी."

"काय लटकतंय?"

"मला काय विचारतेस? मला कधी नेलंय त्यांनी आत?"

तेवढ्यात काका किल्ल्या वाजवत बाहेर आले आणि काकू खलबत्त्याकडे वळली.

कारखाना मी पाहिला तो असा. काका पुढे, मी मागे. मी थांबले की ते म्हणायचे, "हे काय काढतेस, हा संडास आहे." मी वाकले की म्हणायचे, "सरळ उभी राहा, पाठ मोडेल." पॅकिंग शेड, रिकामी पिंपं, लॅबोरेटरीतली फरशीला चिकटलेली खुर्ची. सगळीकडे जमिनीवर रंगाचे थर साचून दगडासारखे झालेले. इतक्या वर्षांनी थिनरचा वास अजून होता. जागा सुंदर होती, खोटं कशाला बोलू. पण काकांच्या बोलण्यानं माझं डोकं इतकं तापलं होतं की निम्मे फोटो हलले.

मिक्सर हॉलचं दार मात्र त्यांनी उघडलं आणि मला पुढे जाऊ दिलं. लांबलचक हॉल, वर फुटक्या काचांचं छप्पर, मध्ये लोखंडी चौथऱ्यात गळ्यापर्यंत बसवलेल्या टाक्यांची रांग. भिंतीवरचं स्विचबोर्ड पार ओरबाडलेलं. एकही तार नाही, त्याची झाकणं नाहीत, स्क्रूसुद्धा काढून नेलेले. आणि त्या सगळ्या नासधुशीत एका स्विचच्या दांड्यावर एक पितळी बिल्ला लटकत होता. आजूबाजूला बोटभर धूळ, आणि हा पुसलेला.

मी म्हटलं, "काका, बिजागऱ्या नेणाऱ्यांनी हे पितळ कसं काय सोडलं?"

काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. "कुठलं पितळ?"

"हा काय बिल्ला."

"कुठला बिल्ला?" त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही फोटोवाले जिथं जाता तिथून आठवण म्हणून काहीबाही उचलून आणता ना? उचल. मी काही बघत नाही."

"मी काही उचलत नाही. फोटो काढते आणि जाते."

"फार सरळमार्गी," ते म्हणाले. त्यांचा जबडा हलत होता. मग ते त्याच स्विचसमोरच्या टाकीपाशी गेले आणि झाकण ढकललं. "मग आत उतरून बघ. आतून वर बघ. असा फोटो तुला जन्मात मिळणार नाही."

त्यांनी चांगलं काही सुचवलं की जपून राहावं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण टाकीचं तोंड मी बघितलं आणि मोह झाला. आत शिडी होती, भक्कम. मी पिशवी वर ठेवली, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि उतरले.

आतलं दृश्य मी कधी विसरणार नाही. टाकीच्या भिंतीवर रंगाचे थर होते, एकावर एक, आणि जिथं पोपडा निघाला होता तिथं ते सगळे कडेनं दिसत होते. तांबडा, पिवळा, हिरवा, पांढरा, पुन्हा तांबडा. सगळ्यांच्या वर शेवटचा थर निळा, खिडक्यांना देतात तसला निळा. मधोमध उभा दांडा आणि त्याला खाली रुंद पाती, तीही निळी. मी दोनतीन फोटो काढले. मग माझ्या लक्षात आलं की निळा शेवटचा का आहे. लंब्या गेल्यानंतर या टाकीत कुठलाच रंग घेतलेला नाही. मी पात्यापासून पाय बाजूला घेतला.

तेवढ्यात वरचा उजेड गेला. झाकण सरकलं होतं, कडेला कलिंगडाच्या फोडीएवढी फट राहिली होती, आणि त्या फटीत काकांची चप्पल दिसत होती. ते झाकणावर बसले होते.

"काका, झाकण काढा."

"फोटो झाले?"

"झाले. झाकण काढा."

"जरा बस. मला बोलायचंय."

"मी वर येते, मग बोला."

"वर आलीस की ऐकणार नाहीस. तुमच्या घरात कुणी ऐकतं माझं? सगळे हसता. लावू म्हटलं तरी हसता."

मी भ्याले. कारखान्यात वीज नव्हती, मोटार चोरांनी केव्हाच नेली होती, घरात काकूला मी कुठं आहे ते माहीत होतं. हे सगळं मला कळत होतं, तरी. मी शिडीला पाठ लावून खाली बसले, पात्यापासून जमेल तेवढी लांब.

काका बोलू लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "लंब्या विसराळू होता. दोनदा बिल्ला तसाच ठेवून घरी गेला होता. दोन्ही वेळा माणूस पाठवून त्याला आणवलं मी. त्या दिवशी माल खोळंबलेला, साहेबाचे फोनवर फोन. येऊन बघतो तर बिल्ला लटकतोय. बाहेर जाऊन बघितलं, स्टँडवर त्याची सायकल नाही. म्हटलं, गेला गाढव पुन्हा तसाच. आता कोण त्याला शोधणार, कधी तो येणार. काढला आणि खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडावर फेकणार होतो."

मी म्हटलं, "हाक नाही मारली टाकीत?"

"सायकल नव्हती ना." झाकणावर त्यांचं नख खरवडल्याचा आवाज आला. "सायकल त्याचा मेहुणा घेऊन गेला होता."

"आणि चौकशीत सांगितलंत बिल्ला नव्हता."

"नव्हताच स्विचवर. माझ्या खिशात होता." हे ते असं म्हणाले, जणू अजून चौकशीच चालू आहे. "मागच्या नाल्यात फेकून दिला. आठवड्यानं कामावर येतो तर हा परत तिथं, स्विचवर. घासूनपुसून. कुणी काढला नाल्यातून, कुणी अडकवला, देव जाणे. कुणी मला एक शब्द बोललं नाही. नोकऱ्या प्याऱ्या होत्या सगळ्यांना. पण सकाळी आले की आधी त्याच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. साहेब म्हणाले काढा तो, माल अडलाय. एकही माणूस पुढं होईना. एकानं सांगितलं, साहेब, ज्याचा आहे तोच काढेल. ही टाकी पुन्हा चालली नाही."

"तुम्ही का नाही काढलात?"

"मी कसा काढू? मी सांगितलंय तो नव्हता. मी हात लावला तर तो होता असं होतं."

वर चप्पल हलली. "इतकी वर्षं चोर आले. मी मुद्दाम या हॉलला कुलूप लावत नसे. पितळ आहे, नेतील म्हटलं. सगळं नेलं, एवढंच ठेवलं. धूळसुद्धा पुसून जायचे. चोर म्हणजे कोण, हीच आपली माणसं आणि त्यांची पोरं. तुझं काही नाही त्यात. तू घेऊन जा आणि कुठंतरी टाकून दे. मग सोमवारी मी त्यांना भिंत दाखवतो. बघा म्हणावं डोळे फाडून, आहे का काही?"

"आणि मी नाही नेला तर?"

"तर बस तिथंच."

हे त्यांनी शांतपणे म्हटलं, जेवायला बस म्हणावं तसं. त्यांनी मला खरंच ठेवलं असतं असं मला वाटत नाही. अर्धा तास, फार तर एक तास. पण त्या वाक्यानं माझी भीती पळाली आणि तिच्या जागी असा संताप आला की तसा मला पुन्हा कधी आला नाही. ज्या टाकीत एक माणूस यांच्यामुळे मेला, तिच्यात भावाच्या मुलीला उतरवून, वर झाकण ठेवून, हा माणूस सौदा करत होता. आणि मेलेल्याला अजूनही गाढव म्हणत होता.

मी म्हटलं, "नेते. झाकण काढा."

झाकण सरकलं. मी वर आले. काकांनी मला हात दिला नाही, ते लगेच खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी स्विचबोर्डासमोर गेले. बिल्ला अगदी हाताशी होता, त्यावरचा नंबर झिजून गुळगुळीत झालेला. मी पिशवी उचलली, तिच्यातल्या माझ्या घराच्या किल्ल्या वाजवल्या आणि चेन लावली.

"घेतला?" काकांनी विचारलं.

"घेतला. पिशवीत आहे."

ते वळले, पण भिंतीकडे नाही, सरळ दाराकडे. त्या भिंतीकडे न बघता चालायची त्यांना इतकी सवय झाली होती की मान आपोआप दुसरीकडे वळायची. बाहेर आल्यावर त्यांनी हॉलला कुलूप लावलं, आणि मग त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सोमवारी ये," म्हणाले. "जेवायलाच ये."

बसमध्ये मी काढलेले फोटो बघत होते. वाटेत उतरून परत जावं, खरं सांगावं, असं मनात आलं होतं. पण मग ती चप्पल डोळ्यांसमोर यायची. रविवारी काकूचा फोन आला. "दोन्ही वेळा पोटभर जेवले. माझ्याशी हसून बोलतायत. मला भीती वाटतेय गं, तू त्यांना काय सांगितलंस?" मी म्हटलं, काही नाही.

सोमवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फाटकापाशी जुनी माणसं जमली होती, बहुतेक पिकलेली, हातात गॅस कटरचं सामान. ठेकेदार घड्याळाकडे बघत फेऱ्या मारत होता. लंब्याची बायको एका बाजूला उभी होती, बुटकी, पांढऱ्या केसांची, खांद्याला कापडी पिशवी. नवरा गेल्यापासून ती लोकांचे कपडे शिवून जगली होती, असं काकूनं मला सांगितलं.

काका थेट तिच्यासमोर गेले. "बाई, आज काय ते एकदाचं बघून घ्या. माणसाला किती वर्षं छळायचं त्यालाही काही हद्द असते. तुमचा माणूस बेफिकीर होता त्याला मी काय करू?"

तोवर मला थोडं वाईट वाटत होतं. त्या वाक्यानंतर वाटेनासं झालं.

बाई मिक्सर हॉलच्या दिशेनं चालू लागल्या, बाकीचे मागोमाग. काकांनी हॉलचं कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि सगळ्यांना आत घेतलं. स्वतः स्विचबोर्डापर्यंत ताठ चालत गेले, भिंतीकडे पाठ करून उभे राहिले आणि हात मागे करून म्हणाले, "दाखवा. कुठं आहे?"

सगळे त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते. काकांचा हात तसाच मागे राहिला. मग ते वळले.

किती वेळ ते त्या बिल्ल्याकडे बघत होते ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी मान वळवून गर्दीत मला शोधलं. मी त्यांच्या नजरेला नजर दिली. मला बरं वाटेल असं मी दोन दिवस धरून चालले होते, आणि वाटलंही, पण क्षणभरच. त्यांचा चेहरा बघून मी नजर खाली घेतली.

ठेकेदार कंटाळला होता. "अहो, एवढ्यासाठी सकाळपासून खोळंबा? सरका, मी काढतो," असं म्हणत तो पुढे झाला आणि त्यानं हात वर केला.

"हात लावू नका," काका म्हणाले. ते मध्ये आले आणि दोन्ही हात पसरून स्विचबोर्डासमोर उभे राहिले. "आत माणूस आहे."

ठेकेदार हसला. "इथं? कुठं?"

त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही. लंब्याची बायको गर्दीतून पुढे आली. तिनं टाकीकडे पाहिलं, मग काकांकडे. "आत कोण आहे?"

"लंब्या," काका म्हणाले. "तुमचे मालक."

"त्यांनी बिल्ला लावला होता?"

"लावला होता."

"मग काढला कुणी?"

काकांनी मान वळवून बिल्ल्याकडे पाहिलं.

"मी," काका म्हणाले.

बाईंनी मान हलवली, खांद्यावरून घसरलेली पिशवी वर सरकवली आणि त्या हॉलबाहेर निघून गेल्या. बिल्ल्याचं पुढं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. काका हात पसरून उभेच होते, आणि त्यांना बाजूला व्हा म्हणायला कुणी पुढं आलं नाही.